तीन नंबरची माती

अमीन शिकलगारच्या मते अख्ख्या कोल्हापुरात कॉम्प्युटरला हात लावायच्या लायकीची माणसं एका रिक्षात मावली असती, आणि त्या रिक्षाचं हँडलही अमीनच्याच हातात असतं. बाकी सगळे अडाणी. शिकलेले अडाणी, पैसेवाले अडाणी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंटरनेटवर दोन पानं वाचून आलेले अडाणी.

लक्ष्मीपुरीत धान्य बाजाराच्या मागच्या बोळात, एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर त्याचं गेमचं दुकान होतं. साल २००५. खाली दिवसभर पोती आपटायची आणि शाळूची धूळ जिन्यानं वर यायची. अमीननं आठही मशीन स्वतःच्या हातानं जोडलेली होती आणि प्रत्येकाच्या हवेच्या जाळीवर बायकोच्या, रशिदाच्या, जुन्या ओढणीचं फडकं ताणून बसवलं होतं. दर जुम्म्याला तो ती फडकी काढून धुवायचा. शहरात इतर ठिकाणी गेम अडकायचे, अमीनकडे अडकायचे नाहीत, आणि ही गोष्ट तो गिऱ्हाईक जिना चढून वर येईपर्यंतही पोटात ठेवू शकायचा नाही.

गेम अडकणं म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. पडद्यावर माणूस पळताना दिसतो तो खरं तर पळत नसतो, सेकंदाला साठेक चित्रं भराभर डोळ्यांसमोरून जातात म्हणून तसं वाटतं. तीच चित्रं पंधरा-वीसवर आली की माणूस पळायच्या ऐवजी उचक्या देत पुढं सरकतो. तुम्ही बंदुकीचा चाप आता ओढता, गोळी मागाहून सुटते, आणि मधल्या वेळात तुम्ही मेलेले असता. मग पोरं ओरडायची, "अमीनभाई, अडकतंय!" अमीन जागचा हलायचा नाही. नुसतं बोट वर करून भिंत दाखवायचा. भिंतीवर लाल ऑइलपेंटनं, पेंटरला समोर उभं करून पाटी लिहून घेतली होती: नाचता येईना, अंगण वाकडं.

"वाच मोठ्यानं," अमीन म्हणायचा. पोरगा वाचायचा, खोली हसायची, आणि तक्रार तिथंच निकालात निघायची.

बाहेर मात्र तो असा नव्हता. म्हणजे जीभ तीच, पण तिथं डोकं चालवायचा. लोक त्याला घरी बोलवायचे. राजारामपुरीतल्या एका दाताच्या डॉक्टरचं मशीन रांगायला लागलं होतं. बाईंनी त्याच्यावर भरतकाम केलेलं जाडजूड कव्हर घातलेलं, आणि मशीन चालू असतानाही ते काढायचं नाही असा घरात हुकूम. "डॉक्टरसाहेब, पेशंटच्या तोंडावर गादी टाकून दात काढतासा काय?" अमीननं विचारलं होतं. बिद्रीत कारखान्याच्या एका साहेबांनी चोरी होऊ नये म्हणून मशीन सुताराकडून करून घेतलेल्या कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. गगनबावड्याला एका लॉजवाल्याच्या मशीनमध्ये बुरशी होती आणि त्या बुरशीवर एक पाल सुखानं नांदत होती. आणि एका मास्तरांनी व्हायरस मारायचे तीन वेगवेगळे प्रोग्राम एकाच मशीनमध्ये घातले होते. "एका घरात तीन सासवा आनल्यासा, आनि सून काम करंना म्हणून मला बोलावतासा!" असं म्हणून अमीननं दोन सासवा हाकलल्या आणि मशीन पळायला लागलं.

अशा प्रत्येक घरी तो बसल्या बसल्या तेच विचारायचा. कधीपासून अडकतंय? त्याआधी नवीन काय केलंत? सुरू केल्या केल्या अडकतंय की तासाभरानं? आणि जाता जाता आपलं ठरलेलं वाक्य टाकायचा: "गार मशीनवर इश्वास ठेवायचा न्हाय. मशीन तापल्याबिगर खरं बोलत न्हाय."

हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं आणि ते खरंही होतं. फक्त ते त्यानं दुसऱ्यांसाठी राखून ठेवलं होतं.

त्या वर्षी दिवाळी सरल्यावर पेठापेठांतल्या मंडळांना नवं खूळ लागलं. फुटबॉल झाला, कुस्ती झाली, आता कॉम्प्युटरवर बंदुकीच्या खेळाचं मैदान भरवायचं. जागा अर्थातच अमीनची. पुढाकार गणपतरावांचा. गणपतराव म्हणजे गोडाऊनचे मालक, म्हणजे अमीनच्या छपराचेही मालक, आणि जुना पार तालमीचे आधारस्तंभ. त्यांना कॉम्प्युटर चालू कुठून करतात हे माहीत नव्हतं, पण मैदान कसं भरवतात हे चांगलं माहीत होतं, त्यामुळे सगळं कुस्तीसारखंच ठरलं. एकास एक जोड लावायची. वेळेची मर्यादा नाही. कुस्ती निकाली! जो समोरच्याला सलग तीनदा मारील तो जिंकला, मग दुपार जावो नाहीतर संध्याकाळ.

"डोक्यात माती हाय," अमीन घरी रशिदाला म्हणाला. "निकाली म्हणं. उद्या मशीनला लंगोट बी बांधतील."

"आनि तुमी बांधू द्याल," रशिदा म्हणाली. "छप्पर त्यांचं हाय." रशिदाला नवऱ्याची जीभ माहीत होती, आणि ती जीभ कुणापुढं आखूड होते हेही माहीत होतं.

जुना पार तालमीतर्फे उतरला संग्राम, गणपतरावांचा पुतण्या. अंगानं पैलवान, वागण्यानं नवरदेव. तो पहिल्या दिवसापासून तीन नंबरच्या मशीनवर बसला आणि जिंकला, म्हणून तीन नंबर त्याचं लकी मशीन झालं. दुसऱ्या जोडीपासून त्यानं रीतच पाडली. तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, चिमूटभर माती कागदाच्या पुडीत बांधून आणायची, कपाळाला लावायची, मग वाकून मशीनला लावायची, आणि मागं उभ्या असलेल्या पोरांनी तालमीच्या नावानं चांगभलं करायचं. अमीन काउंटरवरून बघायचा आणि मान फिरवायचा. मशीनला टिळा लावतोय गाढव, लावू दे. पुढच्या जुम्म्याला तीन नंबरचं फडकं धुताना त्याला त्यावर तांबूस डाग दिसला तेव्हा त्यानं नाक मुरडलं, फडकं पिळलं आणि पुन्हा ताणून बसवलं. ज्या माणसांना आपण मूर्ख ठरवलं त्यांच्या हाताकडे बघायची तसदी अमीन घेत नसे.

मैदानात एक नाव असं आलं की ते वाचल्यावर गणपतरावांनी चष्मा काढून पुसला. प्रबुद्ध तरुण मंडळ, खेळाडू प्रसेनजीत. त्या मंडळाची पोरं फुटबॉल बरा खेळायची, पण त्यांच्याशी सामना ठेवायला पेठेतल्या मंडळांना कधी तारीखच सापडायची नाही. कधी मैदान रिकामं नसायचं, कधी पंच आजारी पडायचा. कॉम्प्युटरवर असलं काही काढायला जागा नव्हती. आठ मशीन, आठ खुर्च्या, नाव दिलं की बसायचं.

प्रसेनजीत वारणानगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि रविवारी एसटीनं यायचा. खेळताना ओरडायचा नाही, खुर्ची मागं ढकलायचा नाही. अमीनला पहिल्याच दिवशी दिसलं की हा पोरगा माउस नुसता हलवतो, आपटत नाही. अमीनच्या तोंडून यापेक्षा मोठी तारीफ निघाली नसती, आणि हीसुद्धा निघाली नाही, मनातच राहिली. प्रसेनजीत एकामागून एक जोडी काढत सेमीपर्यंत आला. सेमीत समोर संग्राम.

त्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका भिंतीला जुना पारची पोरं, दुसऱ्या भिंतीला प्रबुद्धची. संग्राम आला, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि प्रसेनजीतच्या खांद्यावर हात टाकला.

"भावा, तू पयल्यांदाच हितवर आलायस. पावणा हायस तू आमचा. माजं लकी मशीन आज तुला. बस तीन नंबरवर."

पुडी काढून त्यानं मातीही लावली, स्वतःच्या हातानं, प्रसेनजीतच्या वतीनं. टाळ्या पडल्या. "ह्येला म्हणत्यात खानदानी पोरगं!" गणपतराव म्हणाले. क्षणभर अमीनलाही वाटलं की चला, तालमीत एक तरी माणूस निपजला.

खेळ सुरू झाला आणि प्रसेनजीतनं संग्रामला दोनदा सलग मारलं. तिसऱ्यांदा संग्राम निसटला. मग बराच वेळ कुणालाच तीन जुळेनात. आणि अर्ध्या-पाऊण तासानं प्रसेनजीतनं हात वर केला.

"अमीनभाई, मशीन अडकतंय."

खोलीनं सवयीनं भिंतीकडे बघितलं. काही जण आधीच हसायला लागले.

"कोपऱ्यातला आकडा बघा," प्रसेनजीत म्हणाला. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा आकडा त्यानं सुरू करून ठेवला होता. "सुरवातीला साठ हुता. आता पंधरावर येतोय. परत वर जातोय, परत पडतोय."

अमीन उठला. उठायला हवं तसंच उठला, पण दोन पावलं टाकली आणि लाइट गेली. भारनियमन! त्या काळात ते कुणाला विचारून येत नसे. सगळी खोली घामानं चिंब होऊन जिन्यात आणि बोळात उतरली. कुणी चहा घेतला, कुणी भडंग. बऱ्याच वेळानं लाइट आली, सगळे वर आले, आणि अमीन सगळ्यांदेखत तीन नंबरवर बसला.

त्यानं गेम सुरू केला. पळाला, वळला, उडी मारली, चार गोळ्या झाडल्या. लोण्यातून सुरी जावी तसं मशीन चाललं. कोपऱ्यातला आकडा साठाच्या खाली यायला तयार नाही. दोन-तीन मिनिटं त्यानं हे केलं आणि खुर्चीवरून उठला.

मशीन गार झालं होतं. ज्या वाक्यावर त्यानं अर्ध्या कोल्हापूरला शहाणपण शिकवलं होतं, ते त्या वेळी त्याला आठवलं नाही. का आठवेल? समोर डॉक्टर नव्हता, कारखान्याचा साहेब नव्हता, त्याच्याच दुकानातला एक पोरगा त्याच्या मशीनला नाव ठेवत होता.

"बघितलासा सगळ्यांनी?" तो खोलीला म्हणाला. मग प्रसेनजीतला, "आकडं बघत बसलास म्हणून मेलास. आकडं वारणेला कॉलेजात बघायचं, हितं नेम बघायचा."

पुन्हा जोड लागली. पुन्हा पहिली काही मिनिटं प्रसेनजीत भारी पडला, आणि पुन्हा त्याचं मशीन उचक्या द्यायला लागलं. संग्रामनं त्याला एकदा मारलं. "अमीनभाई, एकदा हितं येऊन बघा की," प्रसेनजीत म्हणाला. दुसऱ्यांदा मारलं. "हात जोडतो, आत्ता बघा!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. अमीननं काउंटरवरून बोट वर केलं आणि भिंत दाखवली.

"वाच मोठ्यानं."

प्रसेनजीतनं वाचलं नाही. जुना पारच्या पोरांनी त्याच्या वतीनं एका सुरात वाचलं, आणि त्या आवाजातच संग्रामनं त्याला तिसऱ्यांदा मारलं. गुलाल खाली बोळात उधळला गेला. प्रबुद्धची पोरं भिंत सोडून मुकाट जिना उतरली. प्रसेनजीतनं हेडफोन काढून जागेवर ठेवला, वायर नीट गुंडाळली आणि गेला.

सोमवारी दुकान बंद असायचं. फायनलच्या आधी सगळी मशीन आतून झटकायची म्हणून अमीननं एकेक उघडायला घेतलं. एक नंबर चकाचक, दोन नंबर चकाचक. तीन नंबरचं झाकण काढलं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला.

आत माती होती. प्रोसेसरवर उष्णता बाहेर काढणारी अल्युमिनियमची जाळी असते आणि तिच्यावर पंखा. त्या जाळीच्या फटीफटींत तांबडी माती घट्ट बसली होती. साधी माती असती तर पंख्यानं उडाली असती. पण तालमीच्या हौद्यातली माती म्हणजे तिच्यात तेल, हळद, ताक. ती चिकटली, तापली आणि भाजून वीट झाली. म्हणजे संग्राम मशीनला टिळा लावत नव्हता. प्रत्येक जोडीला फडक्याचा कोपरा उचलून चिमूट पोटात सोडत होता. प्रोसेसरचा श्वास कोंडला, की तो जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. गार असताना साठ, तापला की पंधरा. पोरगा अक्षर न् अक्षर खरं बोलत होता.

आणि मग दुसरी गोष्ट अमीनच्या डोक्यात शिरली. तीन नंबरसाठी लोकांशी भांडणारा संग्राम सेमीलाच एवढा उदार कसा झाला? त्याच्या आधीच्या जोडीत तो कसाबसा, शेवटी शेवटी धापा टाकत जिंकला होता. त्याला कळलं होतं. कळलं आणि त्यानं तक्रार केली नाही, दान केलं.

"हलकट," अमीन मोकळ्या खोलीत मोठ्यानं म्हणाला. त्याला खरंच संताप आला होता. पण संतापाच्या खाली काहीतरी बोचत होतं, आणि ते संग्राममुळे नव्हतं. तो पोरगा हात जोडत होता. अमीन दहा पावलं चालून गेला नव्हता.

रात्री जेवताना त्यानं रशिदाला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्येला सांगा की. चुकलं म्हणा."

"सांगतोय की. उद्याच जातो."

तो वारणानगरला गेला आणि कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये प्रसेनजीतसमोर बसला. मोटारसायकलवरून येताना त्यानं शब्द जुळवले होते, पण ते भलतेच निघाले. "त्या मशीनमधी जरा... म्हंजे थोडा प्रॉब्लेम निघाला. तसं काय मोठं न्हाय. पर तुजं अगदीच खोटं नव्हतं."

प्रसेनजीतनं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "अमीनभाई, त्या दिवशी पाटी कुणासमोर दाखवलीसा?"

"समद्यांसमोर. म्हंजे, खोलीत."

"मग हे बी तितंच बोला. हितं कॅन्टीनमधी माझ्या कानात बोलून काय हुणार? माझ्या मंडळाची पोरं अजून माझ्याशी सरळ बोलंनात. त्यास्नी वाटतंय मी हरलो आनि मशीनवर ढकललं. एवढं तुमी एकदा त्या खोलीत मोठ्यानं बोला, मला दुसरं काय नको. परत खेळायचं बी नको."

"रविवारी ये," अमीन म्हणाला. "खोलीत बोललं जाईल. माझा शब्द."

प्रसेनजीतचा चेहरा जरा सैल झाला. त्यानं अमीनला चहा पाजला.

परतताना, पन्हाळ्याचा डोंगर बाजूला पडेपर्यंत, अमीनचा शब्द थंड होत गेला. सगळ्यांसमोर काय म्हणायचं? अमीनचं मशीन अडकत होतं? उद्यापासून येणारा प्रत्येक आंडूपांडू हेच म्हणेल. पाटीवर रंग फासावा लागेल. आणि गणपतरावांच्या पुतण्यावर आळ घ्यायचा तो गणपतरावांच्याच छपराखाली! शहाण्या माणसानं अशी उडी घेऊ नये. शहाण्या माणसानं अशी तजवीज करावी की साप मरेल आणि काठी मोडणार नाही. घरी पोचेपर्यंत तजवीज झाली होती, आणि ती इतकी नामी होती की अमीनला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्यानं तीन नंबरची माती साफ केली नाही. झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि फडकं धुऊन वर ताणून बसवलं.

रविवारी फायनलला संग्रामसमोर शनिवार पेठेतल्या एका मंडळाचा सयाजी होता. संग्राम आला आणि सरळ पाच नंबरकडे वळला. अमीन वाटच बघत होता.

"आँ? लकी मशीन सोडून?" तो लाडानं म्हणाला. "गणपतराव, बघा की तुमचं पोरगं! ज्या मशीननं फायनलला आनलं त्येलाच इसरलं."

"तीनवर बस रं!" गणपतराव गरजले. "तालमीची माती हाय त्याला." मागच्या पोरांनी चांगभलं म्हणून खोली डोक्यावर घेतली. संग्रामनं अमीनकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. खिशातली पुडी काढल्याशिवाय सुटका नव्हती. त्यानं माती लावली आणि बसला. प्रसेनजीत दाराशी भिंतीला टेकून उभा होता, मंडळाच्या दोन पोरांना घेऊन आला होता. तो अमीनकडे बघत होता. आता बोलेल, मग बोलेल. अमीननं त्याला डोळ्यानंच खुणावलं: थांब, मजा बघ.

मशीन तापायला वेळ लागला, पण तापलं. सयाजीनं संग्रामला एकदा मारलं. संग्रामचा माणूस पडद्यावर उचक्या द्यायला लागला. सयाजीनं दुसऱ्यांदा मारलं तसा संग्राम खुर्चीवरून ताडकन उठला.

"अडकतंय! मशीन अडकतंय!"

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. कुणीतरी पाटी वाचायलाही लागलं. पण अमीननं बोट वर केलं नाही. काउंटरमागून निवांत बाहेर आला आणि मधाळ आवाजात त्यानं विचारलं, "कवापासनं अडकतंय, संग्राम?"

"कवापासनं म्हंजे? मागच्या खेपंपासनं अडकतंय! त्येच्या बी आधी! म्हणून तर मी त्या..."

तो थांबला, पण उशिरा थांबला. सयाजीनं हेडफोन काढला.

"म्हणून तर तू कुणाला काय दिलंस?" अमीन म्हणाला.

मग त्यानं मशीन बंद केलं, झाकण काढलं, पंखा सोडवला आणि ती लालभडक जाळी वर करून सगळ्यांना दाखवली. खिळा मारून वीट फोडावी तसा स्क्रूड्रायव्हरनं एक खपला पाडला. "माझं मशीन झ्याक हाय," तो म्हणाला, आणि हे वाक्य उच्चारताना त्याला फार गोड वाटलं. "ही तुमची माती. तालमीची माती तालमीत ठेवायची, अल्युमिनियमवर न्हाय. सेमी परत हुणार. गणपतराव, तुमीच सांगा, न्याय काय ते."

गणपतराव खोकले. पुतण्या स्वतःच्या तोंडानं बोलला होता, आता त्यांना दुसरं काय बोलता येणार? "परत खेळवा," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. जुना पारच्या पोरांनी माना खाली घातल्या. साप मेला होता. काठीवर ओरखडासुद्धा नव्हता. अमीननं दाराकडे बघितलं, शाबासकीच्या अपेक्षेनं.

प्रसेनजीत पुढं आला. त्यानं जाळी हातात घेतली, उलटी करून बघितली, टेबलावर ठेवली.

"अमीनभाई, ही माती तुमाला कवा घावली?"

"सोमवारी. म्हंजे, तुला भेटायला आलतो त्येच्या आदल्या दिवशी."

"सोमवारी. आनि मशीन तसंच ठेवलंसा."

"आरं, त्येच्याच तोंडनं वदवून घेतलं की! आता कुणाची टाप हाय तुला खोटं म्हणायची?"

"मी ह्याच खोलीत हेच बोललो हुतो," प्रसेनजीत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण खोलीत प्रत्येकाला तो ऐकू गेला. "शब्द बी हाच. हात जोडून बोललो. तवा तुमी पाटी दाखवलीसा. आज ह्यो बोलला तर झाकण काढलंसा. चुकलं म्हणायचं हुतं तुमी, आनि बोलायला लावलंसा ह्येला. माझं खरं ठरायला ह्येचं तोंड लागलं व्हय?"

अमीननं सवयीनं भिंतीकडे बघितलं आणि तिथं जे लिहिलं होतं ते त्याला वाचवेना.

प्रसेनजीत वळला. त्याची दोन पोरंही वळली, त्यातल्या एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते जिना उतरायला लागले तसा अमीन दारापर्यंत धावला. "आरं थांब! चुकलं माझं! ऐकतोयस का? माझं चुकलं, मशीन अडकत हुतं!" खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं, गणपतरावांनी ऐकलं, संग्रामनंही ऐकलं. खाली हमालांनी ट्रकमधून पोती टाकायला सुरुवात केली होती, आणि त्या धडाधड आवाजात जिन्याच्या तळाशी काही पोचलं असेल असं वाटत नव्हतं. कुणी मागं वळून बघितलं नाही.

अमीन दारात उभा राहिला. हातात स्क्रूड्रायव्हर, बोटांना तांबडी माती. मागं खोलीत कुजबुज सुरू झाली, कुणीतरी हसलं. मग सयाजीनं घसा साफ केला आणि विचारलं, "बरं अमीनभाई, मग आता फायनल कुटल्या मशीनवर?"